व्हाउचर क्रमांक ३१८

मालक फोनवर म्हणाले, पाहुणा कालव्यांच्या गावचा आहे,
चारशे वर्षांचं गाव, रस्त्याऐवजी पाणी.
आपलं तिखट त्याला सोसायचं नाही.
रात्री कुठेतरी आंतरराष्ट्रीय जेवू घाल. बिल आण.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो.
आंतरराष्ट्रीय म्हणजे माझ्या लेखी खोक्यावरचा छाप:
बंदराचं नाव, नग, निव्वळ वजन.
तिकडचे लोक जेवतात काय, हे खोक्यावर नसतं.

सात रस्त्यावर रिक्षा मिळाली.
"काय शोधायलाव?" मस्ताननं विचारलं.
परदेशी जेवण, मी म्हणालो.
त्यानं आधी आरशात पाहुण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"बसा की."

होटगी रोडच्या हॉटेलात भिंतीवर आयफेल टॉवर,
त्याचा एक पाय फ्रिजमागे गेलेला.
पास्ता आला. वर शेंगाचटणी भुरभुरलेली.
"गिऱ्हाईक मागतंय," वेटर म्हणाला.
योरिसनं एक घास घेतला
आणि पाण्याची अख्खी बाटली उभ्यानं संपवली.

मग लाल ड्रॅगनची गाडी.
कढईमागं लोकबहादूर, घामानं चमकणारा.
चीनचा का रे?
"नाही सायेब, दैलेखचा.
चीन आमच्या डोंगराच्या पलीकडं हाय म्हणत्यात,
मी बघितलेला नाही."

विजापूर वेशीत शावरमा फिरत होता,
पाटीवर मोठी अरबी अक्षरं.
इस्माईलभाई अकरा वर्षं कुवेतला क्रेनवर होते.
तिकडे काय खायचात?
"दाल," ते म्हणाले, "रोज दाल.
हे तर इथं येऊन शिकलो, मोबाईलवर बघून."
योरिसला भाषांतर करून सांगितलं तेव्हा
तो पहिल्यांदा हसला.

किल्ल्याच्या खंदकाशी रिक्षा थांबवायला लावली त्यानं.
वाकून खाली बघितलं.
हा तुमचा कालवा?
मी म्हणालो, कालवा माल आत आणायला खणतात,
हा कुणी आत येऊ नये म्हणून खणला.
त्याला ते आवडलं असावं. वहीत लिहून घेतलं.
मग म्हणाला, आमच्याकडे पाण्याकाठी
एका गल्लीत चाळीस देशांचं जेवण मिळतं.
तू कुठे जेवतोस?

घरी, मी म्हणालो.

घर दोन गल्ल्यांवर होतं.
खाली माग, वर दोन खोल्या,
रजिता जागी असणार, झाकून ठेवलेला भात,
अंबाडीची भाजी, फडताळात कडक भाकरीची चवड.
जिन्यात बल्ब नव्हता. मोरीचं दार निखळलेलं.
आणि टेबल म्हणून जे होतं
त्यावर मुलाचा अभ्यास पसरलेला.
मस्ताननं मान वळवून विचारलं, "कुठं आता?"
मी म्हणालो, सरळ घे.

शेवटी बसस्टँडमागं मल्लम्मांच्या खाणावळीत
दहीभात मिळाला. अकरा वाजले होते.
त्या कानडीत बोलल्या, मी तेलुगूत मागितलं,
मस्तान उर्दूत भांडला की भात थंड हाय,
योरिस बोटं चाटत काही बोलला, ते मला कळलं नाही,
विचारलंही नाही.

तीन ताटं. दोनशे दहा रुपये.
मी लिहिलं: आंतरराष्ट्रीय जेवण.
मालकांनी लाल शाईनं गोल केला: एवढंच?

सात महिन्यांनी ऑर्डर आली,
नॅपकिन, बारा हजार नग, पांढरे, काठाला निळी रेघ,
पोचवायचे कालव्याकाठच्या हॉटेलांत,
पत्त्यांची यादी सोबत: थाई, तुर्की, इथिओपियन, सुरिनामी,
आणखी दोन नावं, जी मला वाचता आली नाहीत.
खाली त्याच्या हातची एक ओळ:
तुझ्या घरी काय शिजलं होतं त्या रात्री?

शंभराचे गठ्ठे मोजतोय.
निम्मे झालेत.
उत्तराला रकाना कुठला, ते अजून ठरलेलं नाही.